डोंगरवाटेच्या बुटांतील इनसोल बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सर्वांना नमस्कार. पाटणादेवीच्या जंगलातून पितळखोऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर आणि अधूनमधून कन्हेरगडावर आमचा लहानसा गट नियमितपणे जात असतो. माझे घोट्यापर्यंतचे ट्रेकिंगचे बूट बाहेरून पाहिले, तर अजून चांगल्या स्थितीत आहेत. तळाच्या रबराची नक्षी शाबूत आहे, शिवण कुठे उसवलेली नाही आणि वरचे कातडेही तडकलेले नाही. मात्र अलीकडे उतरणीला लागले, की चवड्याखाली जळजळ सुरू होते आणि ओढ्यातल्या गोट्यांवरून चालताना प्रत्येक गोटा टाचेला वेगळा जाणवतो. याच बुटांत पूर्वी असे होत नव्हते.

दुकानदाराच्या मते वर्ष उलटले, की इनसोल (बुटात थेट पायाखाली येणारे, हाताने निघणारे मऊ थर) बदलायलाच हवेत. आमच्या गटातील एका दादांचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. वरचे कापड फाटेपर्यंत इनसोलला हात लावू नये, असे ते सांगतात. मला दोन्ही मते पुरती पटत नाहीत, कारण वर्षातून चार वेळा डोंगरावर जाणाऱ्याला आणि तेच बूट घालून रोज सकाळी फिरायला जाणाऱ्याला एकच मुदत कशी लागू पडेल? (मी स्वतः या दुसऱ्या प्रकारात मोडते.)

दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेला जाण्याचा विचार आहे, त्यामुळे त्याआधीच निर्णय घ्यायचा आहे. इनसोल बाहेर काढून हातात घेतल्यावर त्यात नेमके काय पाहावे? आणि दोष इनसोलचाच आहे, की बूटच आतून संपला आहे, हे घरच्या घरी कसे ठरवावे?

सातपुड्याची वाट (शहादा)

ताई, आपली शंका रास्त आहे. कापड फाटण्याची वाट पाहणे तर मुळीच योग्य नाही, कारण इनसोलमध्ये सर्वांत शेवटी जाते ते कापड आणि सर्वांत आधी जातो तो त्याखालचा फोम. बहुतेक बुटांसोबत येणारे इनसोल ईव्हीए नावाच्या फोमचे असतात, काही पीयू फोमचे असतात. या फोममध्ये हवेने भरलेल्या असंख्य बारीक पेशी असतात. पाय पडला की त्या दबतात आणि पाय उचलला की पुन्हा फुगतात. हजारो पावलांनंतर मात्र त्यांच्या भिंती मोडतात आणि फोम दबलेल्या अवस्थेतच राहू लागतो. गादीतला कापूस दबला तर तो पिंजून पुन्हा भरता येतो, तशी सोय इथे नाही. बसलेला ईव्हीए कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. पीयू फोम त्या मानाने सावकाश बसतो, पण तो वजनाला जड असतो आणि दमटपणात वर्षानुवर्षे पडून राहिला, तर त्याचा भुगा होऊ लागतो.

आता तपासणीविषयी. बूट दोन दिवस न वापरता ठेवावेत आणि मगच इनसोल बाहेर काढावेत, कारण नुकत्याच चाललेल्या इनसोलमधला फोम तात्पुरता दबलेला असतो आणि त्याला विश्रांती दिल्याशिवाय केलेले निदान चुकते. मग इनसोल डोळ्यांच्या रेषेत आडवा धरून त्याची जाडी बाजूने पाहावी. तळव्याच्या कमानीखालच्या भागावर शरीराचा भार सर्वांत कमी येतो, म्हणून तिथला फोम बराचसा मूळ अवस्थेत राहतो. तिथे अंगठ्याने जोर देऊन दाबावे आणि लगेच तसाच जोर टाचेच्या मध्यावर द्यावा. कमानीखालचा फोम दबून लगेच वर येत असेल आणि टाचेखालचा मात्र मुळातच दबायला तयार नसेल किंवा दबल्यावर अंगठ्याचा खळगा तसाच राहत असेल, तर त्या इनसोलचे काम संपले आहे. दुकानातल्या नव्या इनसोलशी तुलना करण्यापेक्षा ही पद्धत मला अधिक भरवशाची वाटते, कारण येथे जुन्याची तुलना त्याच्या स्वतःच्याच न वापरलेल्या भागाशी होते.

यानंतर इनसोल उलटा करावा. खालच्या बाजूकडे सहसा कोणी पाहत नाही, पण खरी कुंडली तिथेच लिहिलेली असते. बुटाच्या आतल्या तळाची शिवण फोमवर उमटलेली दिसते, टाचेखाली आणि अंगठ्याच्या मुळाशी फोम घासून चकाकू लागलेला असतो आणि काही वेळा तिथे तो कागदासारखा पातळ झालेला असतो. ज्या इनसोलला खालून प्लास्टिकचा कडक आधार असतो, त्याच्या कमानीच्या जागी बारीक चीर आहे का, हेही पाहावे. इनसोल हलकासा वाकवला की अशी चीर उघडते. आधार तुटलेला इनसोल वरून कितीही चांगला दिसला तरी वापरू नये.

दोन्ही पायांचे इनसोल पाठीला पाठ लावून तपासणेही आवश्यक आहे. एका बाजूची टाच दुसरीपेक्षा स्पष्टपणे अधिक बसलेली असेल, तर ते केवळ झिजेचे लक्षण नसून चालण्याच्या ढबीविषयीही काही सांगणारे असते.

किलोमीटरचा हिशोबही सांगतो, कारण तो अगदीच निरुपयोगी नाही. वेगळे विकत घेतलेले चांगले इनसोल साधारण ८०० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलावेत, असे अनेक उत्पादक सांगतात. बुटासोबत मुळात आलेले इनसोल बहुधा पातळ असतात आणि त्याहून लवकर बसतात. आपण रोज ५ किलोमीटर चालत असाल, तर महिन्याला १५० किलोमीटर होतात आणि डोंगराचा एकही दिवस न धरता सहा महिन्यांच्या आतच ८०० चा आकडा ओलांडला जातो. म्हणजे दुकानदाराचे वर्ष आपल्यासाठी उशिराचे ठरते, आणि वर्षातून चार वेळा जाणाऱ्यासाठी तेच वर्ष फार लवकरचे. त्यातही पाठीवर दहा किलोची सॅक असेल किंवा चालणाऱ्याचे वजन अधिक असेल, तर फोम लवकर बसतो. हा आकडा तपासणीची आठवण करून देण्यापुरता ठेवावा आणि निर्णय हाताने दाबून पाहिल्यावरच घ्यावा.

सकाळच्या डांबरी रस्त्यावरील फेरीसाठी साधे, वेगळे बूट ठेवता आले, तर ट्रेकिंगच्या बुटांचे आयुष्य बरेच वाढेल.

केळीबाग (रावेर)

वरील उत्तर उत्तम आहे, परंतु त्यात खान्देशातला सर्वांत मोठा मुद्दा राहून गेला आहे, तो म्हणजे ऊन. ईव्हीए फोम उष्णतेने आकसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा घराचा पत्रा त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो, आणि बूट धुऊन इनसोल त्याच पत्र्यावर वाळत टाकण्याची पद्धत घरोघरी आहे. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या डिकीत बूट दिवसभर पडून राहिले, तरी परिणाम तोच होतो. असा इनसोल एकही किलोमीटर न चालता खराब झालेला असू शकतो, आणि तिथे ८०० चा हिशोब कामाचा नाही.

आकसलेला इनसोल ओळखणे सोपे आहे. तो बुटात बसवल्यावर टाचेमागे किंवा बोटांपुढे फट राहते, कडा वर वळलेल्या असतात आणि चालताना तो आतल्या आत पुढे सरकतो. उतरणीवर असा इनसोल बोटांखाली गोळा होऊन त्याची घडी पडते आणि मग फोड येतो. पाल आणि मनुदेवीच्या बाजूच्या वाटांवर आमच्यासोबत येणाऱ्या नवख्यांच्या पायांना जे फोड येतात, त्यांपैकी बऱ्याच जणांच्या बुटांत हीच घडी सापडते, आणि दोष मात्र ते मोज्यांना देत असतात. कडा वळलेला इनसोल इस्त्रीने किंवा वजनाखाली ठेवून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये, तो बदलावा.

धुण्याविषयी थोडक्यात सांगायचे, तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नयेत. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपावे, पिळू नये आणि पंख्याखाली, सावलीत उभे ठेवून वाळवावेत. पावसाळ्यात प्रत्येक चालीनंतर इनसोल बाहेर काढून ठेवले आणि बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरले, तर दोन्ही लवकर कोरडे होतात. धुऊन पूर्ण वाळल्यानंतरही कुबट वास कायम राहत असेल, तर ओल आणि बुरशी फोमच्या आत शिरली आहे, असे समजावे. सुगंधी पावडरीने तो वास फक्त झाकला जातो.

आणखी एक लक्षण आहे, जे बाहेरच्या मार्गदर्शनात सापडणार नाही. पावसाळा संपल्यावर सातपुड्याच्या उतारांवरचे गवत वाळू लागते आणि त्याची कुसळे मोज्यांतून थेट इनसोलच्या कापडात शिरतात. वरून काहीच दिसत नाही, पण भार पडला की टोक वर येऊन टोचते. इनसोल उजेडात धरून, वाकवून, चिमट्याने एकेक कुसळ काढता येते. टोक आत मोडून फोममध्ये खोल गेले असेल, तर मात्र नाद सोडावा, कारण जिथे टोचत राहते तिथे माणूस नकळत पाय वाकडा टाकू लागतो आणि मग गुडघा बोलू लागतो.

पांझरेचे पाणी (धुळे)

मला या चर्चेत थोडा वेगळा सूर लावायचा आहे. आम्ही चैत्रात धुळ्याहून वणीला सप्तशृंगी मातेच्या दर्शनासाठी पायी जाणारी मंडळी आहोत, आणि आमच्यातील अनेक जण जुना इनसोल न काढता त्यावर बाजारातला साधा फोमचा पातळ सोल टाकून चालतात. बूटदुरुस्ती करणारे काका पायाच्या मापाने शीट कापून देतात, खर्चही फारसा येत नाही. वर्षातून एकदाच एवढे चालणाऱ्याने महागडे इनसोल घ्यावेतच कशाला?

सातपुड्याची वाट (शहादा)

आबा, खर्चाचा मुद्दा मान्य आहे आणि कापून घेतलेल्या सोलला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो एकावर एक ठेवण्याला. त्यामुळे पाय बुटात वर उचलला जातो, टाच मागच्या कडेच्या वर येऊन निसटू लागते, वरून पंजा आवळला जातो आणि बोटांना हालचालीची जागा उरत नाही. सपाट डांबरी रस्त्यावर हे कदाचित निभावून जाईल, कारण तिथे पाय आडवा घसरत नाही. लळिंगच्या किल्ल्यावरून उतरताना मात्र तेच दोन थर एकमेकांवर सरकतील. शिवाय खालचा थर टाचेपाशी खोलगट झालेला असला, तर वरचा नवा थरही त्याच खळग्यात बसतो आणि लवकरच त्याच आकाराचा होतो. जुना काढून त्याच जाडीचा नवा टाकावा, एवढेच माझे म्हणणे आहे. तो महाग असलाच पाहिजे असे नाही.

टाच आणि चवडा (जळगाव)

माझा व्यवसाय पायांच्या तक्रारी असलेल्या लोकांसाठी आधार आणि पादत्राणे बनवण्याशी संबंधित आहे, म्हणून मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी लिहितो.

बुटात आपल्या पायाखाली तीन थर असतात. सर्वांत वर, हाताने निघणारा इनसोल; त्याखाली बुटाला कायमचा चिकटवलेला जाड मधला थर, ज्याला मिडसोल म्हणतात; आणि सर्वांत खाली जमिनीला लागणारे रबर. डोंगरातला धक्का पेलण्याचे मुख्य काम मिडसोल करतो. इनसोलचे काम पायाचा आकार धरून ठेवणे, भार तळव्यावर पसरवणे आणि थोडासा धक्का शोषणे एवढे असते. रबराची नक्षी शाबूत असूनही मिडसोल आतून संपलेला असू शकतो, आणि तसे झाले असेल, तर कितीही चांगला इनसोल टाकला तरी आराम थोडेच दिवस टिकतो.

याची तपासणी अशी करावी. इनसोल काढून टाकल्यावर बुटाच्या आत हात घालून टाचेच्या जागी बोटांनी चाचपावे. तिथे खळगा लागला, तर बसका भाग केवळ इनसोलपुरता राहिलेला नाही. मग बूट टेबलावर ठेवून मागच्या बाजूने, डोळे टेबलाच्या पातळीला आणून पाहावे. बूट एका अंगाला कललेला दिसत असेल, किंवा मिडसोलच्या बाजूवर आडव्या सुरकुत्या पडून त्या भार नसतानाही तशाच राहत असतील, तर बूटच बदलण्याचा विचार करावा. कपाटात अनेक वर्षे पडून राहिलेल्या, पीयू मिडसोल असलेल्या बुटांचा तळ भर वाटेत सुटून येतो, तो प्रकार दमटपणामुळे फोम कुजण्याचा आहे. त्याला इनसोलचा काहीच इलाज नाही.

आता दुखण्याविषयी. चवड्याखालची जळजळ, नव्याने येऊ लागलेले फोड, एकाच जागी वाढणारे कुरूप आणि उतरणीवर नखांना बसणारा मार, ही लक्षणे बसलेल्या इनसोलशी जुळतात. इनसोल पातळ झाला, की बुटात मोकळी जागा वाढते आणि पाय पुढे घसरतो. नखे काळीनिळी पडण्याचे हेही एक कारण असते. मात्र सकाळी अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्या काही पावलांना टाचेत तीव्र कळ येत असेल आणि चालल्यावर ती कमी होत असेल, तर तो तळव्याच्या स्नायुबंधाचा दाह असू शकतो. नवा इनसोल त्यात मदत करील, पण दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. केवळ दुकान बदलून उपयोग होत नाही.

मधुमेह असलेल्या मंडळींना मात्र वेगळा नियम आहे. त्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झालेली असू शकते, त्यामुळे ‘टोचले की बदलू’ हा निकष त्यांच्या उपयोगाचा नाही. त्यांनी बूट घालण्यापूर्वी दर वेळी आत हात फिरवून पाहावे, चालून आल्यावर तळवे आरशात तपासावेत आणि इनसोलची निवड डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी. त्यांच्यासाठी एमसीआर नावाच्या सूक्ष्मछिद्री रबराचे मऊ सोल आपल्याकडे अनेक वर्षांपासून वापरले जातात, पण तेही कालांतराने दबतात आणि बदलावे लागतात. पांझरेकाठच्या आबांना विनंती, की पदयात्रेतील वडीलधाऱ्यांपर्यंत एवढे जरूर पोहोचवावे. चैत्रातल्या तापलेल्या डांबरावर संवेदना नसलेल्या पायाला भाजल्याचेही कळत नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे बूट दोन दिवस बाजूला ठेवून मग तपासणी केली. कमानीखालचा फोम दबून लगेच वर येतो, टाचेखालचा मात्र नुसता कडक लागतो, आणि डाव्या इनसोलच्या खालच्या बाजूला बुटाची शिवण अगदी स्पष्ट उमटलेली आहे. मिडसोलवर टिकून राहणाऱ्या सुरकुत्या नाहीत, बूट टेबलावर सरळ उभा राहतो आणि आत हात घातल्यावर खळगाही लागत नाही. त्यामुळे बूट ठेवून इनसोल बदलण्याचे ठरवले आहे. केळीबागदादा, कुसळे खरोखरच निघाली. उजव्या चवड्याखाली दोन होती.

आता शेवटची शंका. कमानीला उंच आधार असलेले जाड इनसोल घ्यावेत, की होते तसेच साधे? आणि यात्रेच्या किती आधी घ्यावेत?

टाच आणि चवडा (जळगाव)

ताई, आपल्या पायाची कमान सपाट आहे की उंच, हे ओला पाय फरशीवर ठेवून उमटणाऱ्या ठशावरून ढोबळमानाने कळते. पूर्वी साध्या इनसोलमध्ये काही त्रास नव्हता, असे आपण लिहिले आहे, तेव्हा एकदम उंच कमानीचा कडक आधार घेण्याचे कारण मला दिसत नाही. त्याच जाडीचा, पण टाचेला खोलगट वाटी असलेला, थोड्या दाट फोमचा इनसोल घ्यावा. अतिशय मऊ, बोट रुतेल असा इनसोल दुकानात सुखावह वाटतो, मात्र सॅक घेऊन चढताना तो पूर्ण दबतो आणि पाय आत डुलू लागतो.

खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय किंचित सुजलेले असतात. सोबत बूट आणि डोंगरावर घालायचे तेच जाड मोजे न्यावेत. नव्या इनसोलचे माप मोठे असेल, तर जुना इनसोल त्यावर टाचेला टाच जुळवून ठेवावा, पेनाने फक्त बोटांकडची रेषा आखावी आणि रेषेच्या थोडे बाहेरून कापून, बुटात घालून पाहून, मग लागेल तेवढे आणखी कापावे. टाचेकडून कधीही कापू नये.

सातपुड्याची वाट (शहादा)

यात्रेविषयी एवढेच, की अस्तंब्याची चढण बहुतेक मंडळी रात्री चढतात, आणि अंधारात, गर्दीत, दगडांवर बसून बूट काढत इनसोल जुळवण्याची सोय नसते. त्यामुळे निदान तीन-चार आठवडे आधी नवे इनसोल टाकावेत. पहिले काही दिवस सकाळच्या फेरीत तासाभरापुरतेच वापरावेत आणि त्यानंतर पाटणादेवीच्या वाटेवर, यात्रेला नेणार तेवढेच ओझे घेऊन, चढ आणि उतार दोन्ही चालून पाहावे. उतरणीवर बोटे बुटाच्या टोकाला लागत असतील, तर आधी नाडी घोट्यापाशी घट्ट बांधून पाहावी. तरीही लागत असतील, तर तो इनसोल आपल्या बुटाला जाड होतो आहे. तो परत करता यावा, म्हणून खरेदीची पावती तोवर जपून ठेवावी आणि शक्य असेल तर कापण्याआधीच घरात घालून पाहावे. इनसोलच्या खालच्या बाजूला बॉलपेनने महिना आणि वर्ष लिहून ठेवले, तर पुढच्या वेळी हिशोब आठवत बसावे लागणार नाही.